बावीस वर्षांच्या पोराचा थिसिस

लग्नात, मुंजीत किंवा गणपतीच्या आरतीनंतर एक काका हमखास भेटतात. तुम्ही फिजिक्समध्ये एम.एस्सी. करताय असं कळलं की ते विचारतात, मग पुढे काय? तुम्ही चाचरत पीएच.डी. म्हणता. मग ते विषय विचारतात. तुम्ही धीर करून सांगता की क्वांटम टेक्नॉलॉजीसाठी लागणारे सेमीकंडक्टर पदार्थ, त्यातले इलेक्ट्रॉन, त्यांचं स्पिन वगैरे. काका दोन सेकंद थांबतात आणि शेवटचा बॉल टाकतात: याचा उपयोग काय?

तुम्ही हसून वेळ मारून नेता, पण रात्री होस्टेलच्या खोलीत तोच प्रश्न परत डोकं वर काढतो. चार-पाच वर्षं घालवायची, बरोबरचे मित्र तोवर पॅकेज घेऊन मोकळे, आणि आपल्या हातात काय, तर कुठल्याशा क्रिस्टलबद्दलचा दोनशे पानांचा थिसिस.

आज ज्याची गोष्ट सांगतोय, त्याचा थिसिस १९२८ साली झाला. त्यावरची पहिली खरोखर मोठी वस्तू बाजूला ठेवून दाखवता आली ती १९४७ च्या डिसेंबरात, म्हणजे १९ वर्षांनी. ती वस्तू म्हणजे ट्रान्झिस्टर, आणि ती त्याने स्वतः बनवलीही नव्हती. त्याचं नाव फेलिक्स ब्लॉख. सॉलिड स्टेट फिजिक्सच्या पेपरात ‘ब्लॉख थिअरम’ दहा मार्कांना येतो, तोच हा ब्लॉख. क्वांटम कॉम्प्युटिंगच्या कुठल्याही लेक्चरमध्ये पहिल्या अर्ध्या तासात ‘ब्लॉख स्फिअर’चा गोळा काढतात, तोही याच्याच नावाचा.

ब्रँच बदलणारा मुलगा

फेलिक्सचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरातला. घर ज्यू. वडील धान्याचे घाऊक व्यापारी. लहानपणीच मोठी बहीण गेली आणि हा मुलगा बराच अबोल झाला. त्याला गणिताची गोडी होती, पियानो आवडायचा आणि पुढे डोंगरांचं वेड लागलं. हे शेवटचं वेड आयुष्यभर टिकलं.

१९२४ मध्ये त्याने झुरिचच्या ‘ईटीएच’मध्ये प्रवेश घेतला. आइनस्टाइन जिथं शिकला तीच ही संस्था. पण फेलिक्सने प्रवेश घेतला तो इंजिनीअरिंगला. आपल्याकडच्या घराघरात जे गणित मांडलं जातं तेच इथंही होतं. मुलगा गणितात हुशार आहे ना, मग इंजिनीअर होऊ दे, पोटापाण्याचं बघता येईल. एक वर्ष त्याने ते केलं आणि मग सरळ फिजिक्स घेतलं. त्या काळी फिजिक्समध्ये नोकऱ्या जवळजवळ नव्हत्याच. शाळेत शिकवायचं, नाहीतर प्राध्यापकीची वर्षानुवर्षं वाट बघायची, एवढंच पुढे दिसत होतं.

पण वेळ मात्र त्याने अशी साधली की विचारू नका. १९२५-२६ ही फिजिक्समधली उलथापालथीची वर्षं. झुरिचमध्ये तेव्हा दोन विद्यापीठांची मिळून एक छोटी चर्चा-बैठक भरायची. तिथं पीटर डिबाय नावाचे प्राध्यापक असत आणि शेजारच्या विद्यापीठातला श्रोडिंगरही असे. फ्रान्सच्या द ब्रॉय याने इलेक्ट्रॉन ही लाटही असते असं मांडलं होतं. डिबायने श्रोडिंगरला सांगितलं, हे काय आहे ते एकदा आम्हाला समजावून दे. श्रोडिंगरने समजावलं. ऐकून झाल्यावर डिबाय सहज म्हणाला की लाटेबद्दल बोलायचं तर लाटेचं समीकरण हवं, त्याशिवाय हे बोलणं पोरकट वाटतं. काही आठवड्यांनी श्रोडिंगर परत उभा राहिला आणि समीकरण सापडल्याचं सांगून त्याने ते फळ्यावर मांडलं.

त्या खोलीत मागे बसलेल्या विद्यार्थ्यांत फेलिक्स होता. आपण इतिहास बघतोय हे त्याला त्या दिवशी कळलं नव्हतं, हे त्यानेच पुढे सांगितलं. तुमच्या डिपार्टमेंटच्या सेमिनारला कंटाळून मागच्या दाराने सटकता ना, तेव्हा हे आठवा.

गाईड पंचवीस वर्षांचा

१९२७ मध्ये श्रोडिंगर बर्लिनला गेला, डिबाय जर्मनीतल्या लाइपझिगला निघाला. फेलिक्ससमोर प्रश्न उभा राहिला की पीएच.डी. कुणाकडे करायची. डिबायने सल्ला दिला, लाइपझिगला ये, तिथं हायझेनबर्ग नावाचा नवा प्रोफेसर रुजू होतोय. हा नवा प्रोफेसर २५ वर्षांचा होता! क्वांटम मेकॅनिक्सची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत त्याचं नाव आधीच जमा झालेलं. फेलिक्स त्याच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. तो हायझेनबर्गचा पहिला पीएच.डी. विद्यार्थी ठरला.

या ग्रुपचं वातावरण कसं असेल याची कल्पना करा. सगळे विशीतले. सेमिनार संपला की टेबल टेनिस. हायझेनबर्गला टेबल टेनिसमध्ये हरणं अजिबात आवडायचं नाही. पण प्रश्न निवडताना मात्र गंमत नव्हती. नवं क्वांटम मेकॅनिक्स हायड्रोजनच्या एका अणूला लागू पडतं हे सिद्ध झालं होतं. आता ते घन पदार्थाला लावून बघायचं, म्हणजे एका अणूवरून उडी थेट कोट्यवधी कोटी अणूंवर. समोर दोन प्रश्न होते. लोखंड चुंबक का होतं हा एक, आणि तांब्याच्या तारेतून वीज इतकी सहज कशी वाहते हा दुसरा. चुंबकाचा प्रश्न हायझेनबर्गने स्वतः सोडवला. फेलिक्सने वीज घेतली.

ठिपक्यांच्या रांगोळीतून

आता जरा प्रश्न समजून घेऊ, कारण सगळी मजा तिथंच आहे.

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात ही कल्पना १९०० पासून होती. जर्मनीच्या ड्रूडेने ती मांडली आणि सोमरफेल्डने १९२७-२८ मध्ये तिला क्वांटमचे नियम लावून पुष्कळ सुधारलं. पण एक खुट्टी निघत नव्हती. तांब्याच्या तुकड्यात अणू खच्चून भरलेले असतात. दिवाळीत अंगणात काढायच्या रांगोळीचे ठिपके कसे ओळीने असतात, तसे अणू ओळीने उभे, फक्त तिन्ही दिशांना. इतक्या दाटीतून इलेक्ट्रॉन निघाला तर पावलापावलावर धडकायला हवा. प्रयोग मात्र सांगत होते की तो शंभराहून जास्त अणू बिनधास्त ओलांडून जातो आणि थंड, शुद्ध धातूत तर त्याहूनही कितीतरी लांब जातो. हे कसं काय?

फेलिक्सने इलेक्ट्रॉनला चेंडू समजणं सोडलं आणि लाट समजून गणित मांडलं. ठिपके एकसारख्या अंतरावर आहेत, एवढी एकच गोष्ट त्याने वापरली. गणित सुटलं तेव्हा उत्तर बघून तोही चकित झाला. एकसारख्या रचनेत लाट अडतच नाही! मोकळ्या जागेत ती जशी धावते तशीच धावते, फक्त प्रत्येक ठिपक्यापाशी तिचा आकार त्याच त्या पद्धतीने थोडा बदलतो. ढोल-ताशाच्या पथकाचं उदाहरण घ्या. ठेका पक्का असेल तर शंभर जणांचं पथकही न अडखळता पुढे सरकतं. अडखळतं कधी? एखादा चुकला तर. धातूतही तसंच. उष्णतेने अणू जागेवर थरथरतात किंवा मध्येच परका अणू घुसतो, तेव्हा ठेका चुकतो आणि लाट विखुरते. विजेला होणारा विरोध म्हणजे रेझिस्टन्स येतो तो असा. अणू आहेत म्हणून तो येत नाही, अणूंची शिस्त मोडते म्हणून येतो. धातू थंड केला की रेझिस्टन्स कमी का होतो, याचंही उत्तर त्याच गणितात मिळालं.

हाच ब्लॉख थिअरम. थिसिस १९२८ च्या उन्हाळ्यात पूर्ण झाला तेव्हा फेलिक्स २२ वर्षांचा होता.

आज मागे वळून बघताना हे सगळं सरळ वाटतं. तेव्हा त्याच्याकडे ना कॉम्प्युटर होता, ना सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर. कागद, पेन्सिल आणि कोट्यवधी कोटी अणूंचा प्रश्न एवढंच हातात होतं, आणि तरी नेमकी एकच गोष्ट पकडून बाकी सगळं सोडून देण्याचं धाडस त्याने केलं. थिसिस लिहिताना सगळ्यात अवघड काम तेच असतं, हे तुमचा कुठलाही सीनिअर सांगेल.

घाण पदार्थ आणि आठवडाभराचा वाद

थिसिसनंतर फेलिक्सची वरात निघाली. झुरिचला पाउलीचा असिस्टंट, मग हॉलंड, परत लाइपझिग, मग कोपनहेगनला नील्स बोरकडे. आजच्या भाषेत सांगायचं तर पोस्टडॉकवर पोस्टडॉक, पक्की नोकरी कुठेच नाही.

यश मिळत होतं, तसं अपयशही. पाउलीने त्याला सुपरकंडक्टिव्हिटीच्या मागे लावलं. काही पदार्थ खूप थंड केले की रेझिस्टन्स पूर्ण शून्य होतो, हे का? फेलिक्सने एकामागून एक कल्पना लढवल्या आणि पाउलीने एकेकीला सुरुंग लावला. शेवटी वैतागून फेलिक्सने गमतीत आपला आणखी एक थिअरम जाहीर केला: सुपरकंडक्टिव्हिटीची कुठलीही थिअरी चुकीची आहे हे सिद्ध करता येतं. त्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर यायला १९५७ साल उजाडलं. तुमचा एखादा प्रयोग सहा महिने चालत नसेल तर निदान तुमची संगत चांगली आहे, एवढं समजा.

सेमीकंडक्टरची कथा तर त्याहून मजेशीर. हे पदार्थ माहीत होतेच. सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज जास्त वाहते, धातूच्या अगदी उलट, हे फॅरेडेने १८३३ मध्ये टिपलं होतं. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या खनिजाचा क्रिस्टल वापरून लहरी पकडणारं उपकरण बनवलं आणि त्याचं अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. पण हे पदार्थ असं का वागतात, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. एकच पदार्थ दोन लॅबमध्ये दोन वेगळी उत्तरं द्यायचा. पाउलीसारख्या माणसाचं मत तर असं की सेमीकंडक्टर म्हणजे नुसती घाण, त्यावर काम करूच नये, मुळात असे पदार्थ असतात की नाही कुणास ठाऊक.

१९३१ मध्ये केंब्रिजहून ॲलन विल्सन नावाचा तरुण लाइपझिगला आला. त्याने ब्लॉखचं गणित नीट वाचलं आणि त्याच्या लक्षात आलं की यात एक गोष्ट लपून राहिली आहे. क्रिस्टलमध्ये इलेक्ट्रॉनला हवी ती ऊर्जा घेता येत नाही. ऊर्जेचे पट्टे असतात, आणि दोन पट्ट्यांमध्ये निषिद्ध जागा.

नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. खालच्या मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत. कुणालाच हलायला जागा नाही, म्हणजे वीज वाहणार नाही. वर बाल्कनी रिकामी आहे, पण जिना फार उंच आहे. हा झाला इन्सुलेटर. आता जिना बुटका केला तर? थोडी उष्णता मिळाली की काही प्रेक्षक वर जातील. वर ते मोकळे फिरतील आणि खाली जी खुर्ची रिकामी झाली ती शेजारच्याने घ्यायची, त्याची त्याच्या शेजारच्याने, असं करत रिकामी खुर्चीसुद्धा सरकत जाईल. हा सेमीकंडक्टर. तापवल्यावर वीज जास्त का वाहते, त्याचं कोडं सुटलं. धातूत मात्र मजला मुळातच अर्धा भरलेला असतो.

विल्सनने हे हायझेनबर्गला सांगितलं. हायझेनबर्गने फेलिक्सला बोलावून घेतलं. आणि फेलिक्स काय म्हणाला असेल? हे साफ चूक आहे! स्वतःच्याच थिसिसमधून निघणारी गोष्ट त्याला पटेना. वाद सुरू झाला. जवळपास आठवडाभराने त्याने मान्य केलं की विल्सन बरोबर आहे. आपल्या कामाचा अर्थ दुसऱ्याने येऊन सांगावा आणि आपण तो कबूल करावा, याला मोठेपणा लागतो. तो फेलिक्सकडे होता, फक्त यायला आठवडा लागला.

आणि ती ‘घाण’? ती तर पुढे सोनं ठरली. लाखो सिलिकॉन अणूंमागे एखादा फॉस्फरसचा अणू मिसळला तरी त्यातली वीज बदलते. म्हणून दोन लॅबची उत्तरं जुळत नव्हती. ही भेसळ ताब्यात आणता आली तेव्हा ट्रान्झिस्टर झाला आणि आज तुमच्या खिशातल्या फोनच्या चिपमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत.

१९३३

इथवर ही एका हुशार मुलाची गोष्ट होती. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. एप्रिलमध्ये कायदा आला आणि विद्यापीठांतल्या, सरकारी नोकऱ्यांतल्या ज्यू माणसांना काढून टाकणं सुरू झालं. फेलिक्स तेव्हा लाइपझिगमध्ये शिकवत होता. पासपोर्ट स्विस होता, पण घर ज्यू होतं. तो २७ वर्षांचा होता, नाव झालं होतं, भोवती जगातला सगळ्यात भारी फिजिक्सचा ग्रुप होता. हे सगळं मागे टाकून तो त्याच वर्षी जर्मनीबाहेर पडला.

पॅरिस, हॉलंड, कोपनहेगन, रोममध्ये एन्रिको फर्मीकडे, असे काही महिने गेले. मग अमेरिकेतून एक नोकरी चालून आली, स्टॅनफर्ड नावाच्या विद्यापीठातून. आज हे नाव ऐकून तुम्ही म्हणाल, लॉटरीच लागली की! तेव्हा तसं नव्हतं. फिजिक्सच्या नकाशावर कॅलिफोर्नियाचं ते आवार फार दूर होतं. १९३४ मध्ये तो तिथं पोचला तेव्हा थिअरीबद्दल बोलायला शेजारी माणूस नव्हता. मग बर्कलीच्या ओपेनहायमरबरोबर त्याने मिळून सेमिनार सुरू केला.

गाईड मात्र जर्मनीतच राहिला. महायुद्ध पेटलं तेव्हा हायझेनबर्ग जर्मनीच्या युरेनियम प्रकल्पात होता आणि त्याचा पहिला विद्यार्थी काही काळ अमेरिकेच्या लॉस अलामोसमध्ये, अणुबॉम्बच्या कामावर. ज्या दोघांनी लाइपझिगमध्ये एका फळ्यावर गणितं मांडली, ते आता एकमेकांविरुद्धच्या बाजूंना होते. फेलिक्स लॉस अलामोसमध्ये फार काळ राहिला नाही. तो हार्वर्डमधल्या रेडिओ रिसर्च लॅबोरेटरीत गेला आणि शत्रूच्या रडारला चकवायच्या कामाला लागला.

थिअरीवाला लॅबमध्ये

हार्वर्डच्या त्या काळात कागद-पेन्सिलवाल्या फेलिक्सला रेडिओ इलेक्ट्रॉनिक्सची ओळख झाली. खरं तर प्रयोगाची चटक आधीच लागली होती. लुई अल्वारेझबरोबर त्याने बर्कलीच्या सायक्लोट्रॉनवर न्यूट्रॉनचं चुंबकत्व मोजलं होतं. १९४५ मध्ये तो स्टॅनफर्डला परतला तेव्हा डोक्यात एक कल्पना पक्की होती.

अणूच्या केंद्रातला प्रोटॉन हा एक चिमुकला चुंबक असतो. त्याला मोठ्या चुंबकाजवळ ठेवलं की तो भोवऱ्यासारखा डुलतो. भोवरा फिरता फिरता कलतो आणि त्याची मान गोल फिरते ना, तसा. योग्य वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडल्या तर सगळे प्रोटॉन एका तालात डुलतील आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात बारीकसा सिग्नल उमटेल, असं त्याचं गणित सांगत होतं.

सोबतीला विल्यम हॅन्सन हा इलेक्ट्रॉनिक्समधला जादूगार आणि मार्टिन पॅकार्ड हा विद्यार्थी. चुंबक आणला कुठून? वर्गात प्रयोग दाखवण्यासाठी ठेवलेला जुना चुंबक उचलला. नमुना म्हणून घेतलं साधं पाणी. जानेवारी १९४६ मध्ये सिग्नल दिसला. काही आठवडे आधीच हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीने, मेणात, हाच परिणाम पकडला होता. देशाच्या दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, एकच शोध. १९५२ चं फिजिक्सचं नोबेल ब्लॉख आणि पर्सेल दोघांना मिळालं. नोकरी शोधत आलेला निर्वासित स्टॅनफर्डचा पहिला नोबेलवाला झाला.

याला न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स म्हणतात, तुमच्या केमिस्ट्रीवाल्या मैत्रिणीचं एनएमआर. या कामात एक धागा आपल्या मुंबईचाही आहे. एस. एस. धर्मट्टी हे भारतीय संशोधक तेव्हा स्टॅनफर्डला ब्लॉखच्या ग्रुपमध्ये होते. १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलचा सिग्नल बारकाईने पाहिला, तर एकाऐवजी तीन वेगळी शिखरं दिसली. रेणूत हायड्रोजन कुणाच्या शेजारी बसलाय त्यावर त्याचा सूर बदलतो, हे त्यातून स्वच्छ कळलं. आज औषधाचा नवा रेणू बनला की त्याची ओळख पटवायला एनएमआर लागतोच. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आले आणि तिथं त्यांनी एनएमआरचं काम उभं केलं.

आणि हॉस्पिटलमधला एमआरआय? तोही याच भोवऱ्यावर चालतो. तुमच्या आजीच्या गुडघ्याचा किंवा मणक्याचा एमआरआय काढला तेव्हा मशीनने ऐकलं ते तिच्या शरीरातल्या पाण्यातल्या प्रोटॉनचं डुलणं.

गोळा आणि घड्याळ

आता परत तुमच्या विषयाकडे येऊ.

१९४६ मध्ये फेलिक्सने डुलणाऱ्या प्रोटॉनची समीकरणं लिहिली. त्यात दोन वेळा होत्या, टी-वन आणि टी-टू. ढकललेला भोवरा परत मूळ स्थितीला यायला लागणारा वेळ हा टी-वन. सगळे भोवरे एका तालात किती वेळ राहतात तो टी-टू. पुढे १९५७ मध्ये फाइनमन आणि दोन सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसता स्पिनच नाही, दोन पातळ्या असलेली कुठलीही क्वांटम वस्तू याच चित्रात बसवता येते. पृथ्वीचा गोल घ्या. उत्तर ध्रुव शून्य, दक्षिण ध्रुव एक. साधा बिट फक्त ध्रुवावर बसतो. क्युबिट मात्र गोलावर कुठेही असू शकतो, विषुववृत्तावरसुद्धा. हा ब्लॉख स्फिअर.

क्युबिट बनवायचा कशाचा, यावर आज जगभर चढाओढ आहे. त्यातला एक मार्ग सिलिकॉनचा. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात काम करणाऱ्या ब्रूस केनने सुचवलं की सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे एकेकटे अणू बसवा आणि त्यांचं न्यूक्लिअर स्पिन क्युबिट म्हणून वापरा. थांबा आणि बघा काय झालंय ते. क्रिस्टलमधला इलेक्ट्रॉन हा फेलिक्सचा १९२८ चा थिसिस. सिलिकॉनमधला फॉस्फरस ही पाउलीची घाण. न्यूक्लिअसचं स्पिन हे फेलिक्सचं १९४६ चं काम. तिन्ही एका चिपवर भेटले.

आणि या क्षेत्रात पीएच.डी. करणारा मुलगा किंवा मुलगी दिवसभर करते काय? मुख्यतः टी-टूशी झगडते. साध्या सिलिकॉनमध्ये सुमारे ४.७ टक्के अणू सिलिकॉन-२९ चे असतात. त्यांना स्वतःचं न्यूक्लिअर स्पिन असतं आणि ते क्युबिटच्या कानाशी सतत कुजबुजतात. मग सिलिकॉन-२८ वेगळा काढून अतिशुद्ध क्रिस्टल वाढवायचा. त्यावर थर चढवायचे, शून्याखाली २७३ अंशांच्या जवळपास थंड करायचं आणि मोजायचं की ताल किती वेळ टिकला. मग आणखी शुद्ध करायचं, आणि परत मोजायचं. तीच गोष्ट: शिस्त कुठे मोडते, ते शोधायचं.

हे काम फक्त परदेशात चालतं असं नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नॅशनल क्वांटम मिशनला मंजुरी दिली, सुमारे ६ हजार कोटी रुपयांची. त्याची चार केंद्रं ठरली. क्वांटम सेन्सिंगचं केंद्र पवईला आयआयटी मुंबईत आहे, पदार्थ आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीत. तुम्ही एम.एस्सी.ला असाल तर ही दारं खरोखर उघडी आहेत.

शेवटी पियानो

१९५४ मध्ये फेलिक्सला ‘सर्न’ या युरोपच्या नव्या प्रयोगशाळेचं पहिलं महासंचालकपद मिळालं. मोठा मान होता. त्याने तो घेतला आणि वर्षभरात सोडला. फायली आणि मीटिंगा त्याला मानवेनात, तो स्टॅनफर्डला विद्यार्थ्यांत परतला. बायको लोअर स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, तीही जर्मनी सोडून आलेली. चार मुलं झाली. पियानो, बर्फावरचं स्कीइंग आणि डोंगर शेवटपर्यंत सुटले नाहीत. निवृत्तीनंतर १० सप्टेंबर १९८३ रोजी, जिथं जन्मला त्याच झुरिचमध्ये तो गेला. एमआरआयची मशीनं तेव्हा हॉस्पिटलांत नुकती येऊ लागली होती.

आणखी एक गंमत राहिली. ट्रान्झिस्टरच्या तीन जनकांपैकी शॉकलीने १९५६ च्या सुमारास स्वतःची सेमीकंडक्टर लॅब थाटली ती स्टॅनफर्डच्या शेजारच्या माउंटन व्ह्यू गावात. तिथून फुटलेल्या माणसांनी कंपन्या काढल्या आणि त्या भागाला पुढे सिलिकॉन व्हॅली म्हणू लागले. ज्याच्या थिसिसवर हे सगळं उभं होतं तो माणूस तिथंच, काही मैलांवर, वर्गात शिकवत होता.

तर, पुढच्या लग्नात ते काका भेटतील तेव्हा त्यांना काय सांगायचं? फुशारकी मारू नका. तुमच्या थिसिसमधून ट्रान्झिस्टर निघेल अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, फेलिक्सलाही ती नव्हती. त्याने एक नीट मांडलेला प्रश्न घेतला, तो प्रामाणिकपणे सोडवला आणि पुढच्या माणसाला वापरता येईल असा लिहून ठेवला. काकांना सांगा, सध्या एवढंच करतोय. मग त्यांच्या हातातला मोबाइल मागा आणि दोन मिनिटं नाट्यगृहाची गोष्ट सांगा. जमली, तर समजा तुम्हाला तुमचा विषय कळायला लागलाय.